शैक्षणिक कर्ज : अर्जानंतरची वाटचाल

जून महिना उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये एक निराळी वर्दळ सुरू होते. गुणपत्रिका, प्रवेशाचे पत्र आणि उत्पन्नाचा दाखला असलेली फाइल हातात घेऊन पालक व विद्यार्थी शैक्षणिक कर्जाच्या टेबलापाशी येतात. अर्ज भरला जातो, कागदपत्रे जोडली जातात, पोच मिळते आणि एक मोठे काम पार पडल्याच्या समाधानात दोघेही घरी परततात. वस्तुतः काम तेव्हा नुकते सुरू झालेले असते.

अर्जानंतरच्या काळाविषयी दोन गैरसमज फार खोलवर रुजलेले आढळतात. पहिला असा की, कर्ज मंजूर झाले म्हणजे पैसे मिळाले. दुसरा असा की, शिक्षण पूर्ण होईपर्यंत हप्ता भरावयाचा नसतो, म्हणजे तोवर व्याजही लागत नाही. पहिल्या गैरसमजापायी शुल्क भरण्याची अंतिम तारीख उलटून प्रवेश धोक्यात येऊ शकतो. दुसऱ्याची किंमत नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत, दर महिन्याच्या पगारातून चुकवावी लागते. म्हणूनच अर्ज दिल्यापासून शेवटचा हप्ता फिटेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर काय घडते, याची माहिती आधीच करून घेणे हिताचे ठरते.

मदतीबरोबर करारही येतो

शिक्षणासाठी घेतलेल्या मदतीबरोबर काही बांधिलकी येते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. आज संस्थानिकांची जागा बँकांनी घेतली आहे आणि सेवेच्या अटीऐवजी परतफेडीची अट आली आहे. परंतु मदत म्हणजे करार, हे सूत्र कायम आहे.

सध्याच्या शैक्षणिक कर्जांचा पाया २००१ साली घातला गेला. त्या वर्षी भारतीय बँक संघाने, म्हणजेच इंडियन बँक्स असोसिएशनने, एक आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे अंमलबजावणीसाठी पाठवली. त्यानंतर या योजनेत वेळोवेळी सुधारणा झाल्या. सर्वसाधारण नियम या आदर्श योजनेतून येत असले, तरी प्रत्येक बँक आपले व्याजदर आणि काही अटी स्वतः ठरवते. त्यामुळे पुढील विवेचनातील सूत्रे सर्वत्र उपयोगी पडतील. नेमक्या आकड्यांची खातरजमा मात्र आपल्या शाखेतच करून घ्यावी.

पहिला टप्पा : छाननी

अर्ज शाखेत थेट देता येतो, तसाच तो ऑनलाइनही करता येतो. १५ ऑगस्ट २०१५ रोजी 'विद्यालक्ष्मी' हे सामाईक संकेतस्थळ सुरू झाले आणि एकाच नमुन्यातील अर्ज एकाहून अधिक बँकांकडे पाठवण्याची सोय झाली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजनेस मान्यता दिली आणि तिच्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ तयार झाले. ऑनलाइन अर्ज केला म्हणजे शाखेत जाण्याचे कारण उरत नाही, असे मात्र नाही. मूळ कागदपत्रे पाहिल्याशिवाय आणि अर्जदारांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय कोणतीही बँक कर्ज देत नाही. ऑनलाइन अर्ज 'रोखून ठेवला आहे' असे दिसले, तर त्याचा अर्थ नकार असा नसतो. बहुधा एखादा कागद किंवा खुलासा बँकेला हवा असतो. अशा वेळी वाट पाहत बसण्याऐवजी शाखेत जाऊन नेमके काय अपुरे आहे, ते विचारावे.

छाननीत बँक मुख्यतः तीन गोष्टी पाहते : विद्यार्थी, संस्था आणि सहकर्जदार. विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याची गुणवत्ता आणि प्रवेश कोणत्या मार्गाने मिळाला, हे पाहिले जाते. प्रवेश परीक्षेतून किंवा गुणवत्ता यादीतून मिळालेला प्रवेश आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यांना बँका वेगवेगळे निकष लावतात. संस्थेच्या बाबतीत तिला व तिच्या अभ्यासक्रमाला सक्षम प्राधिकरणाची मान्यता आहे की नाही, हे तपासले जाते. तिसरा घटक म्हणजे सहकर्जदार, बहुधा आई किंवा वडील. शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाकडे पाहून दिले जात असले, तरी कागदोपत्री पालक हे सहकर्जदार असतात. त्यामुळे त्यांचे पूर्वीचे कर्ज, थकबाकी आणि पतमाहिती अहवाल यांचा विचार होतो. वडिलांनी जुन्या दुचाकीच्या कर्जाचे दोन हप्ते थकवले असतील, तर मुलाच्या अर्जाच्या वेळी तो प्रश्न उपस्थित होणारच. असे काही असल्यास ते दडवू नये. थकबाकी भरून तसे पत्र घ्यावे आणि ते अर्जासोबत जोडावे.

तारणाचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. आदर्श योजनेच्या चौकटीत ७.५० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी पतहमी निधीचे संरक्षण उपलब्ध आहे. ही पतहमी योजना २०१५ पासून अस्तित्वात आहे. तिच्या कक्षेत येणाऱ्या कर्जासाठी बँक तारण किंवा त्रयस्थ जामीनदार मागत नाही. त्यापुढील रकमेसाठी साधारणतः मालमत्तेचे तारण लागते. 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजनेत निवडलेल्या दर्जेदार संस्थांमधील प्रवेशासाठी मात्र तारण व जामीनदार यांशिवाय कर्जाची सोय आहे. जेथे तारण लागते, तेथे मालमत्तेच्या हक्काचा शोध बँकेच्या यादीवरील वकील घेतात आणि मूल्यांकन यादीवरील मूल्यांककाकडून होते. सात-बारा उताऱ्यावर वारसांची नोंद झालेली नसणे, सदनिकेची जुनी करारपत्रे सापडत नसणे, अशा कारणांनी या कामास विलंब होतो. ज्यांना तारणाची गरज पडणार आहे, त्यांनी प्रवेशाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच मालमत्तेची कागदपत्रे नीट करून ठेवावीत.

दुसरा टप्पा : निर्णय

सर्व कागदपत्रे पूर्ण असतील, तर अर्जाचा निर्णय साधारणपणे पंधरवडा ते महिनाभरात व्हावा, अशी अपेक्षा आहे. हा कालावधी संपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजला जातो, हे लक्षात ठेवावे. म्हणूनच पोच घेताना तिच्यावर तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी असेल, याची काळजी घ्यावी.

अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास तो अधिकार शाखेतील अधिकाऱ्याने एकट्याने वापरावयाचा नसतो. नकाराला वरिष्ठ प्राधिकाऱ्याची संमती घ्यावी आणि कारण अर्जदाराला कळवावे, असे आदर्श योजनेचे धोरण आहे. तोंडी 'होणार नाही' या उत्तरावर अर्जदाराने समाधान मानू नये. नम्रपणे, पण लेखी कारण मागावे. अनेकदा कारण दूर करण्याजोगे असते : शुल्काचा तपशील संस्थेच्या लेटरहेडवर नसतो, उत्पन्नाचा दाखला जुना असतो किंवा निवासाचा पुरावा दुसऱ्या गावचा असतो. पालकांच्या निवासाजवळच्या शाखेकडे अर्ज करणे सामान्यतः सोयीचे असते. नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद किंवा सुरत येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मूळ गावच्या शाखेत अर्ज देण्याऐवजी राहत्या शहरातील शाखेत तो दिल्यास चौकशी, भेटी आणि पुढील पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार सुकर होतो.

बँकेकडे तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनामूल्य दाद मागता येते. मात्र हा अखेरचा मार्ग होय. शुल्काची तारीख आठवड्यावर आलेली असताना तक्रारीपेक्षा अपुरा कागद पूर्ण करणे अधिक फलदायी ठरते.

तिसरा टप्पा : मंजुरीपत्राचे वाचन

मंजुरीपत्र हाती आले की घरात आनंदीआनंद होतो आणि पत्र कपाटात जाते. खरे पाहता ते शांतपणे बसून, विद्यार्थी आणि पालक या दोघांनीही वाचावयाचे असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकेने कर्जदाराला 'प्रमुख तथ्य विवरणपत्र' देणे बंधनकारक आहे. सोप्या भाषेतील या पत्रकात व्याजदर, सर्व आकार धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर, परतफेडीचे वेळापत्रक आणि विविध शुल्के यांची माहिती असते. जे शुल्क या पत्रकात नमूद नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही.

मंजुरीपत्रात पाच गोष्टी आवर्जून पाहाव्यात. व्याजदर स्थिर आहे की तरता, आणि तरता असल्यास तो कोणत्या मानकाशी जोडलेला आहे? एकूण मंजूर रकमेत कोणते खर्च धरले आहेत? स्वतःचा वाटा, ज्याला बँकेच्या भाषेत मार्जिन म्हणतात, किती आहे? परतफेड नेमकी कोणत्या महिन्यापासून सुरू होणार? आणि विमा घेतला असल्यास त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिळवला आहे काय?

यांतील मार्जिनविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. आदर्श योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला मार्जिन लागत नाही. त्यापुढील कर्जासाठी देशातील शिक्षणाच्या बाबतीत ५ टक्के आणि परदेशातील शिक्षणाच्या बाबतीत १५ टक्के वाटा कुटुंबाने उचलावयाचा असतो. हा वाटा एकरकमी द्यावा लागत नाही. दरवर्षी कर्जाचा हप्ता उचलताना त्या त्या प्रमाणात तो भरावयाचा असतो. विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्तीही या वाट्यात धरता येते.

विद्यार्थी अठरा वर्षांचा नसेल, तर कर्जाचे दस्तऐवज पालक करून देतात आणि विद्यार्थी सज्ञान झाल्यावर बँक त्याच्याकडून अनुसमर्थनाचे पत्र घेते. बारावीनंतर लगेच प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना ही बाब लागू पडते. अठरावा वाढदिवस झाल्यावर हे पत्र देण्यास विसरू नये. अन्यथा दुसऱ्या वर्षाचे शुल्क देण्याच्या वेळी याच कारणाने विलंब होऊ शकतो.

चौथा टप्पा : रकमेचे वाटप

मंजुरी आणि वाटप या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. मंजुरी म्हणजे बँकेने दिलेले वचन. दस्तऐवजांवर सह्या, मुद्रांक, तारण असल्यास त्याची नोंद आणि संस्थेकडून आलेली शुल्काची मागणी या सर्व गोष्टी झाल्यानंतरच रक्कम बाहेर पडते. तीही विद्यार्थ्याच्या हाती न पडता थेट महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यात जाते. पुस्तके, संगणक, उपकरणे यांची रक्कम देयकावरून विक्रेत्याला किंवा पावतीवरून दिली जाते. या पूरक खर्चांवर योजनेत मर्यादा असते.

येथेच शुल्काच्या अंतिम तारखेचा प्रश्न उद्भवतो. प्रवेशफेरीतील जागा निश्चित करण्यासाठी अनेकदा अवघे काही दिवस मिळतात आणि तेवढ्या अवधीत कर्ज हाती पडेलच असे नाही. यावर तीन उपाय आहेत. पहिला, जागा निश्चित करण्यापुरती रक्कम कुटुंबाने आधीच बाजूला ठेवावी. दुसरा, मंजुरीपत्र मिळाले असल्यास त्याची प्रत देऊन संस्थेकडे मुदतवाढीची लेखी विनंती करावी. तिसरा, स्वतःच्या पैशाने शुल्क भरावे लागल्यास भरण्यापूर्वीच शाखेला विचारून घ्यावे की, ती रक्कम पावतीवरून नंतर कर्जातून परत मिळेल काय आणि किती दिवसांच्या आत मागावी लागेल. हे न विचारता सावकाराकडून किंवा क्रेडिट कार्डावर पैसे उचलणे म्हणजे एका कर्जासाठी दुसरे, अधिक महागडे कर्ज अंगावर घेणे होय.

पहिल्या वर्षाचे शुल्क गेले की पुढील वर्षांचे आपोआप जाईल, असेही समजू नये. दरवर्षी विद्यार्थ्याने मागील वर्षाची गुणपत्रिका आणि नव्या वर्षाची शुल्कमागणी शाखेत सादर करावयाची असते. निकाल लागताच, शुल्काची तारीख येण्यापूर्वी महिनाभर आधी हे काम उरकल्यास धावपळ टळते. शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळाल्यास तीही बँकेला कळवावी. महाराष्ट्रात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत लागू झाली. अशा विद्यार्थिनीला कर्जाची गरज केवळ वसतिगृह, भोजन आणि पुस्तके यांपुरती उरू शकते. जेवढी गरज, तेवढीच उचल घ्यावी. मंजूर झालेली सर्व रक्कम घेतलीच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. आणि न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही.

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्जाची मंजुरी रुपयांत असते आणि शुल्क डॉलर किंवा पौंडात भरावे लागते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात रुपयाचे मूल्य घसरले, तर मंजूर रक्कम अपुरी पडू शकते. म्हणून अर्ज करतानाच अंदाजपत्रकात थोडी अधिक तरतूद ठेवावी. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर उगमस्थानी करसंकलन होत नाही, ही या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दिलासा देणारी बाब होय.

पाचवा टप्पा : स्थगितीचा काळ

अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढा काळ परतफेडीला स्थगिती असते. या काळात हप्ता मागितला जात नाही. परंतु व्याजाची आकारणी पहिली रक्कम ज्या दिवशी महाविद्यालयाच्या खात्यात गेली, त्या दिवसापासूनच सुरू झालेली असते. या काळात ती सरळव्याजाने होते. आणि स्थगिती संपताच साचलेले व्याज मुद्दलात मिळवून त्या एकत्रित रकमेवर मासिक हप्ता ठरवला जातो.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, सोलापूरच्या एका विद्यार्थ्याने बंगळूरच्या महाविद्यालयात चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दरवर्षीचा खर्च १,६०,००० रुपये. त्यापैकी १०,००० रुपये कुटुंब भरते आणि १,५०,००० रुपये बँक देते. चार वर्षांत एकूण कर्ज ६,००,००० रुपये होते. हिशेबाच्या सोयीसाठी व्याजदर १० टक्के आणि प्रत्येक रक्कम वर्षारंभी दिली, असे धरावे. स्थगितीचा काळ चार अधिक एक, म्हणजे पाच वर्षे.

पहिल्या वर्षी दिलेल्या रकमेवर पाच वर्षांचे व्याज ७५,००० रुपये होते. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे ६०,००० रुपये, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर ४५,००० रुपये आणि चौथ्या वर्षीच्या रकमेवर ३०,००० रुपये. एकूण व्याज २,१०,००० रुपये. परतफेड सुरू होते त्या दिवशी मुलगा ६ लाखांचा नव्हे, तर ८,१०,००० रुपयांचा देणेकरी असतो.

दहा वर्षांच्या मुदतीत ही रक्कम फेडावयाची झाल्यास मासिक हप्ता सुमारे १०,७०४ रुपये येतो. हेच व्याज स्थगितीच्या काळात दरमहा भरले असते, तर हप्ता ६,००,००० रुपयांवरच बसला असता आणि तो सुमारे ७,९२९ रुपये झाला असता. दर महिन्याचा फरक २,७७५ रुपयांचा आणि १२० हप्त्यांचा फरक ३,३३,००० रुपयांचा. आधी भरलेले २,१०,००० रुपये त्यातून वजा केले, तरी १,२३,००० रुपयांची निव्वळ बचत होते.

आता हे व्याज भरणे कुटुंबाला कितपत झेपेल, तेही पाहावे. पहिल्या वर्षी ते दरमहा १,२५० रुपये असते. दुसऱ्या वर्षी २,५०० रुपये, तिसऱ्या वर्षी ३,७५० रुपये आणि चौथ्या व पाचव्या वर्षी ५,००० रुपये. सर्वच कुटुंबांना हे साधेल असे नाही. परंतु पहिल्या दोन वर्षांचे व्याज भरणे पुष्कळांच्या आवाक्यात असते. जेवढे भरता येईल, तेवढे भरावे. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बचतीइतकीच व्याजालाही लागू पडते. फरक एवढाच की, येथे तळे बँकेचे भरते. स्थगितीच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना व्याजदरात १ टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. आपल्या बँकेत ती लागू आहे काय, हे मंजुरीच्या वेळीच विचारून घ्यावे.

व्याज अनुदान : कोणाला, केव्हा?

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्थगितीच्या काळातील व्याजाचा भार शासन उचलते. २००९-१० पासून चालत आलेल्या केंद्रीय व्याज अनुदान योजनेत वार्षिक ४.५० लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी स्थगितीच्या काळातील संपूर्ण व्याजाचे अनुदान मिळते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजनेने त्यात भर घातली. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज सवलतीचा लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत देण्याची तरतूद तीत आहे. मात्र दरवर्षी १ लाख विद्यार्थी, अशी तिची मर्यादा आहे आणि संस्था योजनेच्या यादीतील असावी लागते.

या संदर्भात दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. एक, सक्षम अधिकाऱ्याने दिलेला उत्पन्नाचा दाखला बँकेकडे वेळेत पोहोचला नाही, तर पात्र असूनही लाभ हुकू शकतो. दोन, अनुदान केवळ स्थगितीच्या काळापुरते असते. त्यानंतरचे सर्व व्याज कर्जदारालाच भरावे लागते. ज्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम अर्धवट सोडला किंवा ज्याला शिस्तभंगामुळे अथवा शैक्षणिक कारणाने काढून टाकण्यात आले, त्याला व्याज अनुदान योजनेचा लाभ मिळत नाही. वैद्यकीय कारण मात्र याला अपवाद आहे.

सहावा टप्पा : परतफेड

अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याने सर्वप्रथम आपला नवा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि नोकरीचा तपशील बँकेला कळवावा. मुलगा पुण्याला किंवा चेन्नईला नोकरीला जातो, बँकेची पत्रे गावच्या पत्त्यावर येत राहतात आणि पहिला हप्ता केव्हा देय झाला, हे कोणालाच कळत नाही, असे घडू नये. पगाराच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याचा आदेश दिल्यास ही अडचण राहत नाही.

परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळू शकते. मुदत जितकी लांब, तितका हप्ता लहान. पण एकूण भरणा मोठा. वरील उदाहरणात ८,१०,००० रुपयांची परतफेड पंधरा वर्षांत केल्यास हप्ता सुमारे ८,७०४ रुपये, म्हणजे २,००० रुपयांनी कमी होतो. मात्र एकूण भरणा सुमारे २,८२,००० रुपयांनी वाढतो. पगार सुरुवातीला कमी असेल, तर लांब मुदत घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु पगार वाढल्यावर जादा रक्कम भरून मुद्दल कमी करावे. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या अशा कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँक दंड आकारू शकत नाही.

नोकरी मिळण्यास विलंब झाला किंवा मिळालेली नोकरी सुटली, तर गप्प राहणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद विद्यार्थी व सहकर्जदार पालक अशा दोघांच्याही पतमाहिती अहवालात होते. पुढे घरासाठी कर्ज मागताना हीच नोंद आडवी येते. याउलट, थकबाकी होण्यापूर्वी शाखेला लेखी कळवल्यास हप्ता पुनर्रचित करण्याचा किंवा स्थगिती वाढवण्याचा विचार होऊ शकतो. अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण झाला नाही, तरीही स्थगिती वाढवून देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. या सर्व सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत उच्च शिक्षणाच्या कर्जावर प्रत्यक्ष भरलेले व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होते. व्याज भरण्यास सुरुवात झाली त्या वर्षापासून एकूण आठ वर्षे ही वजावट मिळते आणि तिच्यावर रकमेची कमाल मर्यादा नाही. मुद्दलाला ती लागू नाही, तसेच नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. म्हणून करपद्धती निवडताना व्याजाचा दाखला समोर ठेवून दोन्ही बाजूंचा हिशेब करावा.

शेवटचा हप्ता फिटल्यावर 'कर्ज निरंक' असल्याचा दाखला घ्यावा. मालमत्ता तारण असेल, तर संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करण्याचे बंधन बँकेवर आहे. बँकेच्या कारणाने विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय होते. काही आठवड्यांनी पतमाहिती अहवाल पाहून खाते 'बंद' असे नोंदले गेले आहे, याचीही खात्री करावी.

हिशेबाची वही

एवढ्या सगळ्या टप्प्यांमधून जाताना विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक उचलीची तारीख व रक्कम, दर सहा महिन्यांनी साचलेले व्याज, शाखेला दिलेल्या प्रत्येक कागदाची नोंद आणि पुढील शुल्काची तारीख लिहावी. शैक्षणिक कर्ज हे बहुतेक तरुणांच्या आयुष्यातील पहिले कर्ज असते आणि वडिलांच्या सहीशेजारी स्वतःची सही करण्याची ती पहिलीच वेळ असते. त्या सहीचा अर्थ ज्याने पहिल्या वर्षीच समजून घेतला, त्याला पाच वर्षांनी आलेला पहिला हप्ता अनपेक्षित वाटत नाही. पालकांनीही कर्जाचा व्यवहार मुलापासून दूर ठेवू नये. अर्जापासून प्रत्येक वेळी त्याला शाखेत सोबत आणावे, मंजुरीपत्र त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि व्याजाचा आकडा त्यालाच काढण्यास सांगावे.